शिक्का, उपाधी आणि जात : गुन्हेगार जमातींच्या नोंदवहीपासून ग्राहकांच्या ‘टॅग’पर्यंत

आजचा विषय ऐकून काहींच्या मनात आलं असेल, की पोहरादेवीला येऊन मार्केटिंगच्या सॉफ्टवेअरवर कशाला बोलायचं? इथे माणसं सेवालाल महाराजांच्या समाधीला येतात, जगदंबेला येतात, रामनवमीला तर लाखोंनी येतात. त्यांचा आणि ग्राहकांच्या याद्यांचा काय संबंध? माझं म्हणणं असं, की या विषयावर बोलायला याहून योग्य जागा नाही. माणसाच्या नावापुढे एक शब्द लिहून ठेवायचा आणि मग माणसाऐवजी त्या शब्दाशी व्यवहार करायचा, या प्रकाराचा इतिहास इथे जमणाऱ्या समाजाइतका फार थोड्या समाजांनी भोगलाय.

मी इतिहासाचा माणूस नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे इतिहास सांगताना मधूनमधून व्याख्यांकडे वळेन, तेवढं चालवून घ्या.

आधी ‘टॅग’ म्हणजे काय ते बघू. समोर बरीच तरुण मुलं-मुली दिसतात. तुमच्यापैकी काही पुण्यात, नागपुरात अशा कंपन्यांत काम करत असतील, तर तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. तुम्ही एखाद्या दुकानात किंवा मोबाइलवर खरेदी करता, तेव्हा तुमच्या नावाचं एक पान तयार होतं. त्याला प्रोफाइल म्हणतात. त्यात नाव, मोबाइल नंबर, पिनकोड, काय घेतलं, कधी घेतलं, पाठवलेला मेसेज उघडला की नाही, एवढं असतं. त्या पानावर चिठ्ठ्या चिकटवता येतात: ‘दिवाळी-खरेदी’, ‘साडी’, ‘सवलत असली तरच घेतो’, ‘टोपलीत टाकून गेला’. या चिठ्ठीला टॅग म्हणायचं. काही चिठ्ठ्या माणूस हाताने चिकटवतो. बऱ्याचशा नियमाने आपोआप चिकटतात: अमुक लिंकवर बोट लावलं की तमुक टॅग. मग कंपनी म्हणते, ज्यांच्यावर ‘साडी’ ही चिठ्ठी आहे, ‘सवलत’ नाही, आणि ज्यांनी गेल्या तीन महिन्यांत खरेदी केली, तेवढ्यांना वेगळं काढा. हा जो निवडलेला गट, तो सेगमेंट. त्याला एक मेसेज जातो, दुसऱ्या गटाला दुसरा, आणि तिसऱ्या गटाला काहीच जात नाही. हे ‘काहीच जात नाही’ लक्षात ठेवा, त्यावर पुन्हा यायचंय.

यात वाईट काही नाही. आपला किराणा दुकानदारही हेच करत आला. कोण महिन्याच्या महिन्याला उधारी चुकवतो, कोणाला हंगाम आल्याशिवाय पैसे मागायचे नाहीत, कोण मोजून घेतो, सगळं त्याच्या डोक्यात असतं. फरक एवढाच, की दुकानदाराला माणूस रोज भेटतो. तुमच्या मुलाला नोकरी लागली हे त्याला आठवड्यात कळतं आणि डोक्यातली चिठ्ठी बदलते. मशीनला माणूस भेटत नाही. त्याला फक्त चिठ्ठी भेटते.

जाती आणि उपाधी

आपल्याकडच्या न्यायशास्त्रात एक फार उपयोगी भेद आहे. ‘जाती’ वेगळी आणि ‘उपाधी’ वेगळी. इथे जाती म्हणजे आपली जातपात नव्हे. जाती म्हणजे वस्तूच्या स्वभावातच असलेला, तिच्यापासून सुटा न होणारा सामान्य धर्म. गाईचं गाईपण ही जाती. आणि एखादा माणूस स्वयंपाक करतो म्हणून त्याला आपण पाचक म्हणतो. हे पाचकपण त्याच्या कामामुळे त्याला चिकटलं. काम सोडलं की ते गेलं. नैयायिक म्हणतात, ही जाती नव्हे, ही उपाधी. मराठीतही गंमत बघा, आपण पदवीला उपाधी म्हणतो आणि मागे लागलेल्या कटकटीलाही उपाधीच म्हणतो.

मला आज जे सांगायचंय ते एवढंच आहे. माणसावर लावलेली चिठ्ठी ही नेहमी उपाधी असते. कोणीतरी, कोणत्यातरी कामासाठी, कोणत्यातरी वेळी लावलेली. ती जाती समजली गेली, की अन्याय सुरू होतो. पुढचा सगळा इतिहास याच एका गफलतीचा आहे.

लमाणांपासून 1871 पर्यंत

बंजाऱ्यांना बाहेरच्यांनी दिलेली नावं बघा: लमाण, लंबाडा, लंबाणी, सुगाली, इंग्रजांच्या कागदांत ‘ब्रिंजारी’. समाज स्वतःला म्हणतो गोर, गोरमाटी. आणि बाहेरच्याला म्हणतो ‘कोर’. म्हणजे तुमच्या यादीत माझ्यावरही एक टॅग आहे. तो मला मान्य आहे. त्याने माझं काही बिघडत नाही, कारण तुमच्या हातात माझ्यावर हजेरी लावायची सत्ता नाही. चिठ्ठी सगळेच लावतात. तिचं वजन लावणाऱ्याच्या सत्तेवर ठरतं.

एके काळी ‘ब्रिंजारी’ या चिठ्ठीला मान होता. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून शेकडो मैल जाणारे तांडे, म्हणजे त्या काळची मालवाहतूक. मुघलांच्या फौजा त्यांच्यावर अवलंबून होत्या. 1803 मध्ये आर्थर वेलस्लीची फौज दख्खनेत असई, मग आपल्या वऱ्हाडात अडगाव आणि गाविलगड इथे लढली. तिच्या धान्याचा हिशेबही या तांड्यांशिवाय जुळत नव्हता. सेनापतीच्या दृष्टीने त्या चिठ्ठीचा अर्थ होता, ‘यांच्याशिवाय फौज उपाशी’.

मग रेल्वे आली. 1867 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा फाटा वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचला. रस्ते झाले, मिठावर सरकारी बंधनं आली. बैलावरची लदेणी मोडली. माणसं तीच, बैल तेच, फिरणंही तेच. पण ज्या फिरण्यामुळे ते उपयोगी होते, त्याच फिरण्यामुळे ते आता सरकारला संशयास्पद वाटू लागले. जमीन मोजून, घर मोजून, सारा बसवून राज्य चालवायचं तर एका जागी न राहणारा माणूस वहीत बसत नाही. आणि जो वहीत बसत नाही त्याच्यासाठी वेगळी वही काढतात.

ती वही 1871 मध्ये निघाली. गुन्हेगार जमातींचा कायदा. त्यामागचा युक्तिवाद असा, की या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर होतो, तसे चोरीचा पिढीजात धंदा करणारेही असणार. आता न्यायाच्या भाषेत बघा काय झालं. ‘याने चोरी केली’ ही उपाधी आहे. एका माणसाची, एका दिवसाची, आणि सिद्ध करावी लागणारी. कायद्याने तिची जाती केली. जन्माने चोर. सरकारने एखादी जमात जाहीर केली, की त्या जाहीरनाम्याच्या वैधतेवर कोर्टात प्रश्नही विचारता येणार नाही, अशी तरतूद होती. मग नोंदवही, हजेरी, गाव सोडायचं तर दाखला. सुरुवातीला हा कायदा उत्तरेकडच्या भागांपुरता होता. 1911 च्या कायद्याने तो देशभर वापरता येऊ लागला आणि 1924 मध्ये त्याची पुन्हा बांधणी झाली. प्रांताप्रांतांच्या याद्या वेगळ्या होत्या. एकाच समूहाचं नाव एका प्रांतात यादीवर, शेजारच्या प्रांतात नाही. लमाण-बंजाऱ्यांच्या गटांचीही नावं अशीच कुठे आली, कुठे नाही आली.

सोलापूरला काटेरी तारेच्या आत वसाहत होती. तिला सेटलमेंट म्हणत, आणि तो भाग आजही लोक त्याच नावाने ओळखतात. तार गेली, शब्द राहिला.

माहिती कोणी गोळा केली?

वऱ्हाडातल्या बंजाऱ्यांवरची जुनी तपशीलवार माहिती कोणी लिहिली? वऱ्हाड पोलिसांतल्या कंबरलेज नावाच्या अधिकाऱ्याने. त्याची पुस्तिका 1882 मध्ये छापली गेली. त्याच वर्षी मेजर गन्थॉर्प या दुसऱ्या पोलीस अधिकाऱ्याचं पुस्तक आलं, मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्य प्रांतातल्या ‘गुन्हेगार जमातीं’वरच्या टिपणांचं. पुढे 1916 मध्ये रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचे चार खंड निघाले, तेव्हा त्यातला बंजाऱ्यांवरचा लेख मुख्यतः कंबरलेजच्या आधारावर उभा राहिला.

कंबरलेजने बरीच बारकाईने माहिती दिली आहे, गोत्रांची, लग्नाची, नायकाच्या अधिकारांची. मी त्याला खोटं म्हणत नाही. मुद्दा असा, की पोलीस जेव्हा माहिती गोळा करतो तेव्हा तो पोलिसाचे प्रश्न विचारतो. मग ते पुस्तक ग्रंथालयात जातं, प्रश्न विसरला जातो आणि उत्तर तेवढं राहतं. पन्नास वर्षांनी कोणी अभ्यासक ते उघडतो आणि ‘या समाजाचा स्वभाव’ म्हणून उतरवून घेतो. प्लॅटफॉर्मच्या भाषेत सांगायचं तर टॅग एका विभागाने लावला, वापरला दुसऱ्याने, आणि तो का लावला होता हे कोणालाच आठवत नाही.

आणखी एक गोष्ट. 1897 मध्ये कलकत्त्याला बोटांच्या ठशांची कचेरी सुरू झाली. तिथे दहा बोटांपैकी कोणत्या बोटावर चक्र आहे आणि कोणत्यावर नाही, या हिशेबावर ठशांचे 1024 कप्पे पाडले. दोनाचा दहावा घात. त्यामागचं गणिती डोकं मोठ्या प्रमाणात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय कर्मचाऱ्यांचं, पद्धतीला नाव मात्र साहेबाचं, एडवर्ड हेन्रीचं. आता विचार करा. बोटाच्या ठशाने एक नेमका माणूस ओळखता येतो. तसं साधन हातात आल्यावर अख्ख्या जमातीवर संशय घ्यायची गरज संपायला हवी होती. झालं उलटं. 1911 च्या कायद्याने नोंद झालेल्या जमातींच्या माणसांचे ठसे घ्यायचा अधिकार दिला. माणूस नेमका ओळखायचा, आणि वागवायचा मात्र गटाचा म्हणून.

आजच्या मार्केटिंगमध्ये हेच चाललंय. तुमच्याबद्दल इतकी बारीक माहिती आहे, की तुम्ही किती वाजता फोन उघडता हेही ठाऊक. आणि त्या सगळ्याचा उपयोग काय? तुम्हाला एका गटात ढकलण्यासाठी. माझं जन्मसाल बघून मला गुडघेदुखीच्या तेलाच्या जाहिराती येतात. गुडघे माझे उत्तम आहेत.

यादी उलटी फिरते

31 ऑगस्ट 1952 ला हा कायदा देशभर रद्द झाला. मुंबई प्रांताने तो त्याआधीच, 1949 मध्ये काढून टाकला होता. यादीतले समूह ‘विमुक्त’ झाले. इथे इतिहासातली मोठी अडचण सुरू होते. ज्यांना या यादीमुळे ऐंशी वर्षं मार बसला, त्यांना मदत करायची तर ते कोण हे कळलं पाहिजे. ते कळणार कशावरून? त्याच प्रकारच्या यादीवरून. महाराष्ट्रात विमुक्त जातींची यादी आहे, तिच्यात 14 नावं आहेत, बंजारा त्यातलं एक. या गटाला आज राज्यात 3 टक्के आरक्षण आहे. म्हणजे चिठ्ठी जवळपास तीच. तिच्यामागचा प्रश्न बदलला. आधी प्रश्न होता, ‘कोणावर नजर ठेवायची?’ आता प्रश्न आहे, ‘कोणाचं देणं लागतो?’

म्हणून ‘सगळ्या चिठ्ठ्या फाडून टाका, माणूस फक्त माणूस’ असं जे कोणी सभेत म्हणतात, त्यांच्याशी मी सहमत नाही. ज्याच्यावर कधी वाईट शिक्का बसला नाही त्याला हे म्हणणं सोपं जातं. रेणके आयोग 2006 मध्ये नेमला गेला, पुढे इदाते आयोग आला. दोघांपुढची मोठी अडचण हीच, की या समूहांची धड मोजदादच नाही. येत्या जनगणनेत जातींची नोंद होणार असं केंद्र सरकारने 2025 मध्ये जाहीर केल्यावर विमुक्त-भटक्यांकडून मागणी आली ती वेगळ्या रकान्याची. ज्यांना रकान्याने छळलं तेच रकाना मागतात. यात विसंगती नाही. आपल्यावर कोणती चिठ्ठी, कशासाठी, हे आपण सांगू, असं त्यांचं म्हणणं आहे.

तरीही गोंधळ संपत नाही. बंजारा महाराष्ट्रात विमुक्त जाती, केंद्राच्या यादीत इतर मागासवर्ग. यवतमाळ-नांदेडची हद्द ओलांडून तेलंगणात गेलं की तोच समाज अनुसूचित जमाती. कर्नाटकात गेलं की अनुसूचित जाती. भाषा एक, गोत्रं तीच, सेवालाल महाराज तेच. हद्दीपलीकडच्या आतेभावाला एक दाखला आणि इकडच्या मामेभावाला दुसरा. 2025 मध्ये मोर्चे निघाले ते याच प्रश्नावर. त्या मागणीच्या बाजूने किंवा विरोधात मी इथे बोलणार नाही, तो वेगळा विषय आहे. मी फक्त एवढं दाखवतो, की ही चिठ्ठी समाजाच्या स्वभावातून आली असती, तर ती हद्दीवर बदलली नसती. ती उपाधी आहे याचा याहून चांगला पुरावा कोणता हवा?

बाजाराची वही

आता बाजाराकडे वळू. माणसांना मशीनने वर्गात टाकायची सुरुवात सरकारनेच केली. 1890 मध्ये अमेरिकेच्या जनगणनेत हर्मन हॉलरिथच्या मशीनने भोकं पाडलेली कार्डं मोजली. एक माणूस म्हणजे एक कार्ड, एक भोक म्हणजे एक गुण. आजच्या प्रोफाइलचा पूर्वज तोच. 1956 मध्ये वेंडेल स्मिथ या अभ्यासकाने बाजाराचे सेगमेंट पाडण्याची कल्पना नीट मांडली. सगळ्यांना एकच माल विकायला धडपडू नका, मागणीच वेगवेगळी आहे हे मान्य करा, असा त्याचा आशय. 1970 च्या दशकात अमेरिकेत क्लॅरिटास या कंपनीने सगळ्या पिनकोडांचे 40 गट केले. तुम्ही कुठे राहता त्यावरून तुम्ही काय विकत घ्याल याचा अंदाज.

भारतात 1980 च्या दशकात बाजार-संशोधकांनी घरांची वर्गवारी केली. शहरात घरातल्या मुख्य कमावत्या माणसाचं शिक्षण आणि धंदा बघायचा आणि ए-वन पासून ई-टू पर्यंत वर्ग द्यायचा. खेड्यात शिक्षण आणि घर, म्हणजे पक्कं, अर्धं पक्कं की कच्चं. त्यावरून आर-वन ते आर-फोर. कितीतरी वर्षं टीव्हीवर कोणती मालिका लागणार आणि कोणत्या पाकिटाची जाहिरात होणार, हे या अक्षरांवर ठरत होतं. कच्च्या घरांचे तांडे त्यात कुठे बसत असतील ते सांगायला नको. 2011 मध्ये पद्धत बदलली. शिक्षण आणि 11 वस्तूंपैकी घरात किती आहेत ते बघायचं: पंखा, गॅस, फ्रिज, दुचाकी, त्यात शेतजमीनसुद्धा. वर्ग झाले 12.

इथे मला तुमच्याच भागातल्या एका चिठ्ठीची आठवण करून द्यायची आहे. ऊसतोडीच्या मुकादमाच्या वहीत माणूस कसा लिहिला जातो? ‘कोयता’. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. एकटा असेल तर अर्धा कोयता. उचल कोयत्यावर दिली जाते. मुकादमाचा प्रश्न एवढाच, की किती ऊस तुटेल. त्या प्रश्नाला ‘कोयता’ हे अगदी चोख उत्तर आहे. पण त्या शब्दात बाई बुडाली. तिची मजुरी वेगळी नाही, तिचं आजारपण वेगळं नाही, तिचं नावही नाही. वर्गवारी चुकीची नसतानाही माणूस नाहीसा होऊ शकतो, तो असा.

तीन दोष

न्यायशास्त्रात लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, तीन दोष सांगितले आहेत. विद्यार्थ्यांना गाईचं उदाहरण देतात. ‘गाय म्हणजे कपिला रंगाची’ म्हटलं तर पांढऱ्या गाई सुटल्या. ही अव्याप्ती. ‘गाय म्हणजे शिंगं असलेली’ म्हटलं तर म्हैसही आत आली. ही अतिव्याप्ती. ‘गाय म्हणजे एकखुरी’ म्हटलं तर एकही गाय बसत नाही. हा असंभव. ग्राहकांना टॅग लावणाऱ्या प्रत्येकाने हे तीन शब्द पाठ करावेत.

समजा, एका मुलीने मैत्रिणीच्या बाळाच्या बारशाला झबलं घेतलं. नियमाने टॅग लागला, ‘नवी आई’. दोन वर्षं तिला लंगोट-दुधाच्या जाहिराती. ही अतिव्याप्ती. तांड्यावर एका घरात एकच मोबाइल आहे. बाप त्यावर खताची चौकशी करतो, मुलगी स्पर्धा परीक्षेचे व्हिडिओ बघते, आजी भजन ऐकते. प्रोफाइल एक, माणसं तीन. त्या प्रोफाइलवर जे वर्णन तयार होतं त्याचा माणूस जगात नाही. हा असंभव. आणि ज्याच्याकडे मोबाइलच नाही तो कोणत्याच सेगमेंटमध्ये नाही. ही अव्याप्ती.

तुम्ही म्हणाल, चुकीची जाहिरात आली तर काय बिघडलं? पुसून टाकायची. बरोबर. जाहिरातीच्या टॅगची तुलना मी काटेरी तारेशी करणार नाही. तसं करणं हा ज्यांनी ती तार भोगली त्यांचा अपमान होईल. लक्ष्मण गायकवाडांनी आपल्या आत्मकथनाला ‘उचल्या’ हे नाव दिलं, 1988 मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शिक्का अंगावर घेऊन जगणं म्हणजे काय ते त्यात वाचा, म्हणजे दोन्हीतलं अंतर कळेल.

पण मघाशी सांगितलेलं आठवा: तिसऱ्या गटाला काहीच जात नाही. चुकीची जाहिरात दिसते तरी. न आलेली संधी दिसत नाही. 2016 मध्ये अमेरिकेतल्या प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने दाखवून दिलं, की फेसबुकवर घराची जाहिरात देताना ‘वांशिक ओढ’ या टॅगवरून काळ्या लोकांना वगळता येत होतं. वगळलेल्या माणसाला कळणार कसं? त्याच्यापर्यंत घराची बातमीच पोचली नाही, मग तो तक्रार कशाची करणार? नोकरीची जाहिरात, कर्जाचा दर, शिष्यवृत्तीची माहिती, सगळं आज याच वाटेने येतं. ‘कमी मोलाचा ग्राहक’ अशी चिठ्ठी एका पिनकोडवर बसली, तर त्या पिनकोडातल्या हुशार मुलाला कळणारही नाही, की आपल्याला काय दाखवलं गेलं नाही.

कायदा काय म्हणतो, आणि आपण काय करायचं

2023 मध्ये आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. त्यात चार गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. माहिती सांगितलेल्या हेतूसाठीच घ्यायची. हेतू संपला की काढून टाकायची. आपली कोणती माहिती वापरली जाते ते विचारायचा, ती दुरुस्त करायचा, पुसायला लावायचा हक्क माणसाला आहे. आणि 18 वर्षांखालच्या मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवून त्यांना नेमक्या जाहिराती दाखवायला मनाई आहे. 1871 च्या कायद्यात जाहीरनाम्यावर प्रश्नच विचारता येत नव्हता. इथे प्रश्न विचारायची जागा तरी आहे. विचारणारे हवेत.

रकाना काढून टाकता येतो याचं ताजं उदाहरण आहे. 3 ऑक्टोबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगांत जातीवरून कामं वाटणाऱ्या तरतुदी रद्द केल्या, विमुक्त समाजांना सवयीचे गुन्हेगार समजण्यावर ताशेरे ओढले, आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. म्हणजे 1952 मध्ये रद्द झालेली चिठ्ठी 72 वर्षं तुरुंगाच्या नियमपुस्तकांत जिवंत होती. कायदा गेला, पण वही बदलायचं कोणाच्या मनात आलं नाही. त्यानंतर दोनच दिवसांनी, 5 ऑक्टोबरला, इथे पोहरादेवीत बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. त्या आठवड्यात एका वहीतला रकाना गेला आणि एका समाजाने आपल्याबद्दलचे शब्द आपल्या घरात मांडले. दोन्ही गोष्टी लागतात. नुसतं पुसून भागत नाही, स्वतःचं लिहावंही लागतं.

शेवटी जी मुलं या क्षेत्रात काम करतात त्यांच्याशी बोलतो. तुमच्या बोटाखाली रोज हजारो प्रोफाइल जातात. टॅग लावायच्या आधी चार प्रश्न विचारा. ही चिठ्ठी कोणी लावली, माणसाने स्वतः सांगितलं की आपण ताडलं? कोणत्या प्रश्नाचं हे उत्तर आहे? ती कधी निघणार, तारीख काय? आणि ज्याच्यावर लावली त्याला ती बघता आणि काढता येते का? चारही उत्तरं वहीत लिहून ठेवा. ‘नवी आई’ या टॅगला सहा महिन्यांची मुदत घालायला एक ओळ लागते. ‘गेल्या दिवाळीत साडी घेतली’ असं लिहा, ‘साडीवाली’ असं लिहू नका. पहिल्या वाक्यात तिने केलेली गोष्ट आहे, दुसऱ्यात ती कोण आहे याचा निकाल. पहिली उपाधी, दुसऱ्यात जाती घुसली. धंद्याच्या दृष्टीनेही पहिलंच जास्त खरं आहे, कारण पुढच्या दिवाळीत तिला कदाचित लॅपटॉप घ्यायचा असेल.

साहेब विचारतील, एवढा विचार कशाला करता, टॅग लावा आणि पुढे चला. तेव्हा त्यांना सांगा, माझ्या पणजोबांच्या काळातही कोणीतरी असंच लावलं होतं आणि पुढे निघून गेलं होतं. ते काढायला शंभर वर्षं लागली.

कोणाला काही विचारायचं असेल तर आता विचारा.